गुलबानोचा घाट

१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय शाहीन,

तुला आणि तुझ्या घरच्या सगळ्यांना नमस्कार. धाराशिवला थंडी गेली का? इकडं सगळं ठीक. हरभरा निघाला, आईचे गुडघे तिच्यासारखेच हट्टी. गावाच्या इतिहासाची माझी पुस्तिका गेल्या आठवड्यात निघाली. शाळेत जुन्या नकाशांचं प्रदर्शनही मांडलं. लोकांनी मला शाल घातली.

पुस्तिका तुला मुद्दामच पाठवली नाही. पोस्टावर ढकलणार होतो, पण आता सांगूनच टाकतो.

दिवाळीत तू निजामाच्या काळातला तो नकाशा मला वाचून दाखवलास. मला उर्दूतलं ओ की ठो कळत नाही. तेरणेच्या पायऱ्यांवर बोट ठेवून तू म्हणालीस, "घाट गुलबानो रंगरेज. अय्या, ही तर अब्बांची खापरपणजी!" केवढी हरखली होतीस. मी वहीत लिहूनही घेतलं.

पुस्तिकेत मात्र 'हणमंतप्पा घाट' छापलं. घाट आमच्या पणजोबांनी बांधला असं घरात सांगत आलेत. त्यामुळंच पूर ओसरला की नदीची पहिली ओटी भरायचा मान आईकडं आहे. नकाशा पणजोबांच्या जन्माआधीचा आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तसली जुन्या वळणाची उर्दू गावात आता कोण वाचतंय, असं वाटलं.

प्रदर्शनाला तुझे अब्बा आले. चष्मा पुसून नकाशापुढं बराच वेळ उभे राहिले. सरपंचांनी विचारलं, "गफारचाचा, घाटापाशी काय लिवलंय?"

चाचांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा आईकडं.

"शाई पुसलीय ओ. काय अक्षर लागंना," म्हणाले. मग माझ्या सत्काराला टाळ्याही वाजवल्या.

शाहीन, अक्षर न् अक्षर स्वच्छ आहे. मला माझी लाज वाटते. आईच्या मानासाठी केलं असं दोन दिवस मनाला समजावलं, पण शाल मलाच हवी होती.

काल आईला खरं सांगितलं. ती भांडली नाही. "गफारभाईंकडं जाऊन आलास का?" एवढंच विचारलं. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी दोनदा जाऊन परत आलोय.

रविवारी शाळेत सगळ्यांपुढं चूक कबूल करणार आहे. नकाशा चाचांनीच मोठ्यानं वाचावा अशी विनंती करायचीय, त्यासाठी आधी त्यांच्या दारात उभं राहिलं पाहिजे. शनिवारी येशील? माझ्या बाजूनं बोलू नकोस. ते जे बोलतील ते मला तुझ्यादेखत ऐकायचंय.

ज्याच्यासाठी तुझे अब्बा खोटं बोलले, तो
महांतेश