कोचबाईंचं काम माझ्याकडे

३ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: कामावर कोणावर ओरडायचं नाही. आजपासून लागू. पहिले दोन दिवस परिस्थितीच ओरडण्यासारखी होती.
लाँड्री मोठी आहे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुतो. मालकी ताईची, मॅनेजर मी. लाँड्री खरी कोण चालवतं ते सगळ्यांना माहीत आहे. ताई मात्र अजून चारचौघांत मला 'बाळ्या' म्हणते. माझं वय बावन्न. एकदा तिच्याशी स्पष्ट बोलायला हवं.

६ जानेवारी
घड्या घालायच्या विभागात एक गृहस्थ आहेत. स्किझोफ्रेनिया. नसलेले आवाज ऐकू येतात, म्हणून हेडफोन लावून काम करतात. 'रेडिओकाका' हे नाव त्यांचं त्यांनीच ठेवलं. म्हणतात, माझ्यात स्टेशनं जरा जास्त लागतात. घडी मात्र अशी घालतात की चादर नवी वाटावी.
एका संस्थेने त्यांना इथे नोकरीला लावलं. संस्थेची कोचबाई आठवड्यातून दोनदा येऊन त्यांचं बरं-वाईट बघते. तिचा पगार सरकारी निधीतून. तो मार्चअखेर संपतो. पुढे चालू ठेवायचा का, हे ठरवायला अधिकारी येणार आहेत आणि त्यांना माझं मत हवंय. माझं!

९ जानेवारी
कोचबाईंचं काम नीट पाहिलं. काकांबरोबर चहा प्यायल्या. बसला गर्दी असते का, विचारलं. झोप लागते का, विचारलं. मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, सर, लांबून हाक मारण्यापेक्षा जवळ जाऊन एकावेळी एकच काम सांगाल का? हो म्हटलं.
बस्स? एवढ्याचा पगार? हे मी झोपेत करीन.

२० जानेवारी
अधिकारी येऊन गेले. दोनच मिनिटं बोलणार होतो, पण ते ऐकत होते, मग मीही थांबलो नाही. सांगितलं, ही पद्धत आता आमच्याकडे इतकी मुरली आहे की कोचची गरजच उरलेली नाही, ते काम मी स्वतः बघतो. त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. कोचबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. भारावल्या असाव्यात. काकांनी हेडफोन काढून सगळं ऐकलं आणि परत लावला.

११ फेब्रुवारी
संस्थेतून फोन. आमच्या लाँड्रीपुरता निधी बंद. कारण म्हणून माझंच वाक्य दिलंय म्हणे. सरकार माझं वाक्य वापरतं!
घरी सांगितलं. बायको म्हणाली, अहो, म्हणजे तुमच्या तोंडामुळे त्या बाईचं काम गेलं? तिला म्हटलं, हे धोरणात्मक आहे. ती म्हणाली, धोरणात्मक असो नाहीतर काही असो, त्या माणसाकडे आता बघणार कोण? मी! म्हटलं. ती भाजी चिरत राहिली. जरा जोरात.

१ एप्रिल
कोच म्हणून रुजू झालो. दर अर्ध्या तासाने काकांकडे जाऊन 'कसं वाटतंय?' विचारलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काका म्हणाले, साहेब, आता तुमचंही स्टेशन लागायला लागलं. पहिल्याच दिवशी इतकी जवळीक!

४ एप्रिल
काकांशेजारी इस्त्री करणाऱ्या बाई मोठ्याने हसल्या. काकांना शांतता हवी असते, हे त्यांना समजावलं. ड्रायरवाला आतून धावत आला, कुठे आग लागली म्हणून. ओरडलो नाही. आवाज मुळातच भरदार आहे.

८ एप्रिल
काकांची पाळी दहाची होती, ती सहाची केली. लवकर उठलं की मन ताजं राहतं. शिवाय सकाळी माझ्यामागे काम कमी असतं, लक्ष देता येतं. काका म्हणाले, रात्रीच्या गोळ्यांनी सकाळी गुंगी असते. त्यांना सूर्यनमस्कार सुचवले.

१४ एप्रिल
काका पेंगतात. काल घडी वाकडी, आज दवाखान्याच्या चादरी हॉटेलच्या गाडीत. समज दिली. एकावेळी एकच काम सांगायचं, हे लक्षात होतं. पण बोलण्यासारखी कामं सहा होती.

१६ एप्रिल
काका ट्रॉल्यांच्या मागे जमिनीवर बसले. हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट दाबलेला, कोणाशी तरी हलक्या आवाजात भांडत होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोच मीच ना.
विचार करायला केबिनमध्ये गेलो. विचारात व्यत्यय नको म्हणून कडी लावली.
काचेतून दिसत होतं. इस्त्रीवाल्या बाई त्यांच्या बाजूला जमिनीवर बसल्या. हात लावला नाही, नुसत्या बसल्या. मग फोन लावला. थोड्या वेळाने कोचबाई आल्या. आता त्यांना कोणी पगार देत नाही, तरी आल्या. काकांना पाणी दिलं, त्यांच्या बहिणीला बोलावलं, मग तिघं मिळून डॉक्टरांकडे गेले.
निघताना मला म्हणाल्या, दहाची पाळी डॉक्टरांशी बोलून ठरवली होती, सर. मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, काकांनी सांगितलं होतं.
जेवण गेलं नाही. ऊन बाधलं असावं.

१७ एप्रिल
ताई आली. मशीनं थांबवली नाहीत, तरी सगळ्यांना ऐकू गेलं: "बाळ्या, हे तू केलंस?" मी धोरण समजावायला लागलो. ती म्हणाली, त्या माणसाची नोकरी गेली तर तुझीही जाईल, मग दोघं मिळून धोरण ठरवा.

२३ एप्रिल
काका परत आले. औषध थोडं बदललंय. पाळी दहाची. मी छोटंसं भाषण तयार केलं होतं: पार्श्वभूमी, अडचणी, सद्हेतू. प्रत्यक्षात तोंडून 'चुकलं माझं' एवढंच निघालं.
काकांनी हेडफोन काढला. म्हणाले, "साहेब, तुम्ही वाईट नाही. आवाज मोठा, एवढंच. माझ्या आवाजांना मी सांगतो, आत्ता नाही, दुपारी या. तुम्हालाही सांगत जाऊ का?"
सांगा, म्हटलं.
संध्याकाळपर्यंत दोनदा सांगितलं.

२८ एप्रिल
ताईचा निर्णय: सरकारी निधी परत मिळेपर्यंत कोचबाईंचा पगार लाँड्री देणार. पैसे माझ्या गाडीभत्त्यातून. मी बसने यायचं.
आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, सरकारने हात वर केले आणि योजना मी उचलून धरली. निधी देणारा आता मी! बायकोला हे सांगितलं. ती इतकी हसली की शेवटी बसली.

५ मे
बसमध्ये उभं राहून आलो. निधी देणारा या नात्याने कोचबाईंना आठवड्याचं वेळापत्रक विचारलं. त्यांनी वाचून दाखवलं: काकांबरोबर अर्धा तास. मॅनेजरबरोबर पाऊण तास.
म्हटलं, माझ्याबरोबर कशाचा आढावा? त्या म्हणाल्या, आढावा नाही सर, सराव. ताईंनी खास सांगितलंय. सुरुवात 'जवळ जाऊन बोलणे' इथून करू.
मी अख्ख्या विभागासमोर उभा होतो. इस्त्रीवाल्या बाई खाली बघून इस्त्री करत होत्या. इतकी काळजीपूर्वक इस्त्री त्यांनी कधी केली नसेल.
काकांनी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि हळूच म्हणाले, "पहिले काही दिवस लाज वाटते, साहेब. मग बरं वाटतं."