बोडीचा उतार

मु. बोरगोंदी, ता. पारशिवनी
१८ ऑगस्ट २०२५

रुखमा,

तुला यमुनेचा रामराम. आम्ही इकडे बरे आहोत. तिकडे हिंगण्याला लेक-जावई, नात सगळे खुशाल असतील. गुडघ्याला लावायचं तेल पाठवलं होतं, ते लागू पडलं का? माझे दोन गुडघे म्हणजे वेगळे निघालेले भाऊ. एक म्हणतो ऊठ, दुसरा म्हणतो बस.

सुरुची बाळा, आजीला हे पत्र तूच वाचून दाखवशील. माझ्या अक्षराला हसू नको. मी शाळेत गेले नाही, पोरांच्या पाटीवर बघून बघून शिकले. लिहायला बसले की हात पुस्तकासारखा चालतो, तोंड मात्र आपलंच बोलतं. तुझे बाबा पाळीवरून आले असतील तर त्यांनाही बसव. मोठ्याने वाच. आजी मधेच गप्प झाली तर थांब, पण पत्र अर्ध्यावर ठेवू नको.

आधी आनंदाची बातमी. रुखमा, गायरानातली आपली ढोरांच्या पाण्याची बोडी पुन्हा बोलायला लागली. दिवस कलला की अशी डरावडराव सुरू होते की ढोरं गोळा होतात त्या आखरावर उभं राहून बोलायचं तर ओरडावं लागतं. मोठे बेडूक असे पिवळे झाले होते, जसे हळद लागलेले नवरदेव. काठच्या गवतावर साबणाच्या फेसासारखे गोळे लटकले होते. मी विचारलं, ही थुंकी कोणाची? तर भाचा म्हणाला, झाडावरच्या बेडकाची अंडी आहेत. सत्तरी ओलांडली, ढोरांत जन्म गेला, आणि मला हे ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक असणार.

ढोरांचंही सुख झालं. आता गाई उतारावरून रांगेने खाली जातात, पोटभर पितात, वर येतात. ढकलाढकली नाही, चिखलात फसणं नाही. मधुकररावांची म्हातारी म्हैस तर पाणी पिऊन झाल्यावरही तिथेच उभी राहते, माहेरी आल्यासारखी.

हे सगळं तुझ्यामुळे झालं. शिष्टाचार म्हणून लिहीत नाही, कसं झालं ते सांगते.

मागच्या वर्षी आषाढ कोरडा गेला. आपल्या रीतीप्रमाणे पोरं धोंडी घेऊन निघाली. मुसळाला कडुलिंबाचा डहाळा, त्यात बेडूक बांधायचा, घरोघर जायचं आणि बायांनी त्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. माझ्या दारी आली, मी तांब्या उचलला, तर एक पोरगी म्हणते, “हळू टाकजा, आजी. मातीचा हाय. इरघळून जाईन.”

मी वाकून पाहिलं. खरंच मातीचा बेडूक. डोळ्यांच्या जागी दोन गुंजा. म्हटलं, “काहून गा, खरा नाही भेटला?” तर म्हणतात, पूर्ण शिवार पालथं घातलं, आजी, गावात बेडूकच नाही.

रुखमा, तांब्या हातात तसाच राहिला. पाणी मागायला आलेल्या बेडकावर पाणी ओतता येईना.

तिसऱ्या प्रहरी काठी टेकत बोडीवर गेले. चार वर्षांपूर्वी सरपंच असताना मीच ती खोदून घेतली होती. मशीन लावलं, विहिरीसारखी खोल केली, चारही बाजूंना दगडाची सरळ भिंत बांधली, वरून मासे सोडले. फीत कापली तेव्हा केवढी मिरवले होते! त्या दिवशी काठावर बसून ऐकलं, तर आवाज म्हणून नाही. नुसते मासे तोंड उघडत होते.

तेव्हा तुझं बोलणं आठवलं. मशीन चालू असताना तू गावची ढोरं घेऊन आली होतीस, घुंगराची काठी हातात. म्हणाली होतीस, “बाई, ढोराले उतार पाहिजे. जिथं वासराचा खूर बुडते, तितल्याच पाण्यात बेडकाचे पिल्लं वाढतेत.” आणि मी काय म्हणाले होते? “तू ढोरं सांभाळ, बोडी मी सांभाळतो.” चार बाया हसल्या. मीही हसले.

माझा भाचा उन्मेष नागपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. त्याला बोलावलं. दोन दिवस पँट गुडघ्यापर्यंत वर करून तो बोडीभोवती फिरला आणि म्हणाला, “मावशी, तू बोडीचा हौद केलास. बेडकाचं पिल्लू पाण्यातून बाहेर येणार कुठून? आलं तरी त्याआधी मासा गिळणार.” एका बाजूने उतार कर, काठाला उथळ पाणी ठेव, मासे काढ, एका कोपऱ्यात ढोरं जाऊ देऊ नको, असं त्याने सांगितलं. एवढं शिकलेलं पोर, आणि तूच जे म्हणाली होतीस तेच त्याने सांगितलं. फक्त तुला घुंगराची काठी होती आणि त्याला चष्मा.

जुना उतार नेमका कुठे होता, ते गावात कोणाला नीट सांगता येईना. म्हणून मी तुला फोन केला. रुखमा, खरं सांगते, तू फोन ठेवशील असंच वाटलं होतं. ठेवला असतास तरी मी काय म्हणणार होते? पण तू जणू बोडीच्या काठावरच उभी आहेस असं सांगायला लागलीस. “पळसाच्या आंगानं होता, बाई. तिथं वाकडी शिळा असन, थे उकरा. खाली मुरूम हाय, ढोराचा पाय फसत नाही. अन् लव्हाळ्याचा कोपरा मोकळा राहू द्या, तिथं त्याइचं घर हाय.”

एक टोमणा नाही. गावाने तुला काय दिलं आणि तू गावाला काय दिलंस!

उकरलं तर वाकडी शिळा तिथेच होती. वैशाखात बोडी आटवली. मासे घरोघर वाटले, दोन दिवस गावात दुसरा वास नव्हता. पळसाकडची भिंत पाडली, मुरूम टाकून उतार केला, लव्हाळ्याच्या कोपऱ्याला बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. बाकी तू ऐकलंसच.

सुरुची, पाणी पी बाळा. आता पुढचं वाच.

फोनवर मी उताराचं विचारलं आणि बाकीचं गिळलं. इथवर लिहिलं तेही आडून आडून. पण चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोर कोण हे चोराला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मधुकररावांची चांदी गाय नव्या बोडीवर पाणी प्यायला वाकली, घसरली आणि आत पडली. सरळ भिंत, खूर टेकायला जागा नाही. माणसं पोचेपर्यंत ती गेली होती. पंचायतीसमोर सगळे जमले. मधुकररावांनी विचारलं, हे झालं कसं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणाले, “ढोरकीनीचा डोळा लागला असन.”

एवढं एकच वाक्य. पुढचं गावाने आपोआप जोडलं: रुखमा झोपली, म्हणून गाय मेली.

तू समोर उभी होतीस. तुझं लुगडं पदरासकट ओलं होतं. झोपलेल्या माणसाचं लुगडं ओलं होत नाही, रुखमा. तू पाण्यात उडी घेतलीस, गाईचं तोंड खांद्यावर धरून ओरडत राहिली असशील, हे मला ते ओलं लुगडं पाहूनच कळलं होतं. कळूनही बोलले. माझी फीत, माझी भिंत, माझं नाव वाचावं म्हणून.

आणि तू भांडली नाहीस. माझ्या राखणीत मेली म्हणजे माझ्याच माथी, म्हणालीस. गाय हातून मेली की जुनी माणसं करायची तसं चांदीचं दावं गळ्यात घातलंस, आणि मुक्याने, ओटी पसरून पाच गावं मागत फिरलीस. माझ्याही दारी आलीस. मी पसाभर ज्वारी टाकली आणि वर पाहिलं नाही. दावं पळसाला टांगून तू लेकीकडे गेलीस. तेव्हापासून आखरावर ढोरकी नाही, ज्याची त्याने आपली ढोरं न्यायची.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा झाली. बोडीसाठी माझा सत्कार ठेवला होता, शाल-नारळ. मी शाल घेतली नाही. उभी राहिले आणि वर लिहिलं तेच सगळं सांगितलं, ओल्या लुगड्यासकट. मग मधुकरराव सावकाश उठले. “म्हणजे माही चांदी एकटी नाही मेली,” एवढंच म्हणाले. आणि टोपी काढून डोळे पुसले.

त्यांनीच मग सभेत ठराव मांडला. उताराच्या शिळेवर पाटी लावायची: हा उतार रुखमाबाईने दाखवला. माझं नाव नको, असं मी सांगितलं. काठीही ठेवली आहे तुझी, घुंगरासकट. दिवाळीत गायगोधनाला गाई खेळवायला तू यावंस असं गावाला वाटतं. पण तो तुझा प्रश्न आहे. ये म्हणायला मला तोंड नाही.

मी एवढंच करणार आहे. चांदीचं दावं पळसावरून काढून आणलं आहे. घरचे नको म्हणतात, गुडघेही नको म्हणतात. पण पोळा झाला की मी ते गळ्यात घालून निघेन. चार गावं इथली, आणि पाचवं दार तुझं. एसटीत कंडक्टर काय म्हणेल कोण जाणे, अर्धं तिकीट ढोराचं फाडतो का ते बघू.

रीतीप्रमाणे त्या दिवशी मला बोलता येणार नाही, म्हणून सगळं आजच लिहून ठेवलं. दारात मुकी उभी राहिले तर ओळख. ज्वारी टाकायची की नाही, ते तुझ्या हाती. नाही टाकलीस तरी उताराच्या पाण्यात दिसलेलं तुझं मन मी गावभर सांगत राहीन, आणि तुझे उपकार मानतच परत फिरेन.

सुरुची, तुझं भलं होवो. आता आजीजवळ बस.

जिच्या पापाचं दावं तू आपल्या गळ्यात घातलंस,
ती यमुना