आठवी पिपेट

१२ नोव्हेंबर

प्रिय छोटे,

अनेक आशीर्वाद. आईचं गुडघ्यांचं रडगाणं जोरात चालू आहे, म्हणजे तब्येत उत्तम. तुझ्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर एवढा वाढलाय की त्यात आपण दोघी मावू.

प्रयोगशाळेत बऱ्याच सुधारणा झाल्या. टेबलं वरखाली करता येतात, कोपराखाली मऊ गाद्या आल्या. दर चाळीस मिनिटांनी घंटा वाजते आणि हातातलं खाली ठेवून बोटं मोकळी करायची. पहिल्या दिवशी साहेबांसकट सगळे पंजे उघडमीट करत उभे. आपला बडबड्या सहकारी ‘रेडिओ’ म्हणाला, ही तर बालवाडी. मीही हसले. मग तुझी रिकामी खुर्ची दिसली.

तुझा अंगठा कसा आहे, हे मी मागच्या दोन पत्रांत विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. जावईबापू फोनवर म्हणाले, अजून बटण लावता येत नाही, बाळाला उचलताना मनगट दगा देतं.

आता सरळच लिहिते. गेल्या वर्षी हलक्या पिपेट आल्या त्या आठ, आणि आपण नऊ जण. त्याच्या महिनाभर आधी तू मला म्हणाली होतीस, “ताई, या पिपेटचा दट्ट्या फार जड आहे गं. दिवसभर दाबून दाबून अंगठा ठणकतो.” तरी आठवी मी नव्यानं आलेल्या बाईंना दिली. विभागप्रमुख मोठी बहीण, म्हणून नवी वस्तू धाकटीला, असं कुणी म्हणू नये म्हणून. न्यायी म्हणवून घ्यायची हौस माझी आणि अंगठा तुझा.

इथवर तुला ठाऊक आहे, पुढचं नाही. तू आजारपणाच्या रजेचा अर्ज केलास, तेव्हा चौकशीचा कागद माझ्याकडे आला. त्रासाची तक्रार आधी केली होती का, असा प्रश्न होता. मी घाबरले आणि लिहिलं, ‘नाही’. त्यावरून व्यवस्थापनानं दुखणं घरकामाचं ठरवलं आणि तुझी नोकरी गेली. तू आईला म्हणालीस, ताई तरी काय करणार होती. आईनं ते मला सांगितलं, तेव्हा मी मान खाली घालून जेवत राहिले. फार लाज वाटली गं.

काल मी लेखी दिलं की तक्रार माझ्याकडेच केली होती आणि मी खोटं लिहिलं. साहेबांनी विचारलं, “बहीण आहे म्हणून आता असं म्हणताय का?”

“बहीण आहे म्हणूनच तेव्हा तिचं ऐकलं नाही,” मी म्हणाले.

चौकशी संपेपर्यंत मला घरी बसवलंय. तुझं प्रकरण पुन्हा उघडलं आहे. तुला झेपेल असं काम देऊन परत घ्यायचं की नाही, हे तुझ्या जबानीवर ठरेल. तिथे तुला माझी दया येईल, मी ओळखून आहे. लहानपणी मला मार बसू नये म्हणून तू किती वेळा खोटं बोललीस! या वेळी बोलू नकोस. मला सांभाळून घ्यायला गेलीस तर तुझंच नुकसान होईल.

उत्तर जावईबापूंकडून लिहवून घे. राग आला असेल तर तोही त्यांनाच लिहायला सांग. माझ्यासाठी हात शिणवू नकोस.

तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं होतं, एवढंच तिथे सांग.

तुझी,
ताई