रस्त्याकडच्या खाचरात रेघ मारू नये

लिहून ठेवणार महिपती दिनानाथ भोईर, वय छप्पन्न, धंदा शेती, राहणार चिखलोली, तालुका अंबरनाथ. माझं डोकं ठिकाणावर आहे. रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे. दबाव कुणाचा नाही. आणायला आले होते ते हात हलवत गेले. मजकूर माझा, वकिलाने फक्त तपासला. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर पत्नी तुळशी हिच्याकडे, ती आहे तोवर. तिच्यामागे मुलगे सुजित व राजू यांना निम्मं निम्मं. ओटी मात्र बालवाडीला. गावात बालवाडीसाठी जागा मागितली तेव्हा ज्याने त्याने शेजाऱ्याच्या पट्टीकडे बोट दाखवलं. पोरं अजून पत्र्याखाली शिजतात. वर म्हणायचं, गावाचा विकास होत नाही!

२. रस्त्याकडचं खाचर आजोबांच्या काळी एक होतं. त्यांना चार मुलगे. प्रत्येकाला रस्ता हवा, म्हणून काथ्याच्या दोरीने मापून उभं कापलं. तोंडं वाढली तसे बांध वाढले आणि पीक घटलं. पट्टीत नांगर वळेना. एक पट्टी वडिलांकडून मला आली. उरलेल्या तीन मी चुलत्यांकडून रीतसर खरेदीखताने घेतल्या आणि मधले बांध कुदळीने फोडले. चुलत्यांतले आण्णाकाका हसले होते, "लोक बांध घालतात, तू फोडतोस. येडा झालास काय रं?" त्याच वर्षी गुरांना पेंढा मागायला माझ्याच दारात आले. दिला. पण विसरलो नाही.

३. गेल्या रविवारी सुजित (एमआयडीसीत कामाला) आणि राजू (कॅम्प तीनला जीन्सची शिलाई) यांनी माळ्यावरून आजोबांच्या काळची तीच दोरी काढली आणि खाचराच्या मधोमध चुन्याची रेघ मारली. बाप जिवंत असताना! राजू म्हणाला, "पप्पा, चारी बाजूंनी टॉवर, आणि आपण बीचमें भात लावत बसायचं? पार्टी तयार आहे." सुजित म्हणाला, "अर्धं अर्धं केलं की झंझटच नाय." माझी मुलगी तेजल टिलर बंद करून म्हणाली, "दादा, अर्ध्यात टिलर वळवू कुठे? तुझ्या बाल्कनीत?"

सबब अख्खं खाचर, विहीर व टिलरसह, एकट्या तेजलला. भावकी बोलेल. बोलू दे. लावणीला भावकी येत नाही, ती येते. 'विकू नको, कापू नको' ही अट कायद्यात टिकत नाही, हे मी वाचून आहे. म्हणून तेजल, अट घालत नाही. सांगतो.

४. चुन्याची रेघ पावसात जाईल, दोरी राहील. ती कुणालाही देत नाही. माझी तिरडी त्याच दोरीने बांधावी. गाठी सुजित व राजू यांनी माराव्यात. त्यांना ती धरता येते. चितेवर ती सोडवून घेऊ नये, जळू द्यावी.

साक्षीदारांना यातून काही मिळत नाही. मुद्दाम तसेच निवडले. त्यांच्यादेखत सही केली, त्यांनी माझ्यादेखत.

सही: महिपती दिनानाथ भोईर
साक्षीदार: १. चंदू गोविंद गायकर, शेजारी
२. शलाका राजाराम भोपी, शिक्षिका
ठिकाण: चिखलोली, खाचराच्या बांधावर
दिनांक: ५ जून २०२४