दुसऱ्या डिस्कवरचा डाग

३ फेब्रुवारी, सोमवार
आज रुजू झाले. साताऱ्याहून एसटीने सांगली, तिथून कुपवाड. भरतेश सरांच्या एक्स-रे सेंटरमध्ये कारखान्यांतल्या कामगारांच्या छातीचे फोटो काढतात. ते जपायचं काम माझं. सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत. पहिलीवर जे उतरतं तेच दुसरीवरही. एक बिघडली तरी दुसरी असतेच. झाडलोट करणाऱ्या अंबूबाईंनी चहा आणून दिला, घरी कोण कोण असतं ते विचारलं आणि डब्यातली अर्धी भाकरीही माझ्या हातावर ठेवली. माणसं चांगली वाटली.

५ फेब्रुवारी, बुधवार
दोन्ही डिस्क ताडून पाहायची कमांड दिली. दोन तास लागले. एक फोटो जुळला नाही. मदन चौगुले, लेथवर कामाला. पहिल्या डिस्कवर छाती स्वच्छ, दुसरीवर डाव्या फुप्फुसात लिंबाएवढा पांढरा डाग. सर म्हणाले, डिस्क जुनी झालीय, दुरुस्ती चालव. दुरुस्ती म्हणजे पहिलीवरचं उचलून दुसरीवर लिहिणं. संध्याकाळपर्यंत फरक शून्य.

७ फेब्रुवारी
मदन वारला. लेथजवळच कोसळला. अंबूबाईंच्या गल्लीतला.
त्याचा डाग काल परत आला होता. मीच पुन्हा पुसला होता.

१० फेब्रुवारी
आज डाग शकिला मुल्लाच्या फोटोत. शिवणकाम करते. सरांना न विचारता तिला फोन केला, मोठ्या दवाखान्यात जा म्हटलं. बिचारी लगेच गेली. तिथल्या फोटोत काहीच निघालं नाही. हसून माझे आभार मानले.

१२ फेब्रुवारी
शकिला गेली.
केबल बदलल्या, मेमरी तपासली. डिस्क ठणठणीत आहे म्हणून दाखवते. सर म्हणतात योगायोग.

१३ फेब्रुवारी
अंबूबाई. सेंटरमधल्या माणसांचेही फोटो सर्व्हरवर आहेत.
दुरुस्ती केली. शून्य. पुन्हा ताडलं, एक. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा एक. त्या शेजारीच फरशी पुसत होत्या. म्हणाल्या, "पोरी, आज जेवली न्हाईस व्हय?"
मी पुन्हा दुरुस्तीची कमांड दिली.

१४ फेब्रुवारी, सकाळ
पहिली डिस्क मेली. स्वच्छ फोटो तिच्यावरच होता. मी पोचायच्या आधी सरांनी तिच्या जागी नवी बसवली. आता दुसरीवरचं सगळं तिच्यावर उतरतंय. ३१ टक्के. थांबवायची कमांड दिली, ऐकत नाही. बंद करून चालू केलं – जिथं थांबलं तिथून पुढे.
दुसरी उपसून काढणार होते. सरांनी हात धरला. चार हजार माणसांचे फोटो आता तेवढ्या एकीवरच आहेत, म्हणाले.

११.४०
६८. अंबूबाई स्टुलावर बसल्यात. लय दम लागतोय म्हणाल्या. रिक्षा बोलावली –

१२.०५
९४. रिक्षा दारात आहे. त्यांना उठवत नाही. माझा उजवा हात घट्ट धरलाय, डाव्याने लिहितेय –

९९. त्यांचा हात सैल –