वाट चुकलेले बाक

३ फेब्रुवारी

चिरंजीव भिंगरी,

आजीचा आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहेत, माझे गुडघे सोडून. तुझं पाकीट पोचलं, फोटोही पोचला. पण आधी माझी बातमी ऐक, नाहीतर ती माझ्या पोटात राहायची नाही.

आपल्या शाळेला बाक आले! नवे कोरे, निळे. खाली दप्तराला खण आणि बाजूला पिशवी अडकवायला आकडा. रंगाचा वास अजून गेला नाही. पहिल्या दिवशी मी नुसती हात फिरवत बसले, तर हेडबाई म्हणाल्या, "आजी, बाक आहे तो, मांजर नाही."

तुझं पद बंद झाल्यापासून चारही वर्ग त्यांच्या एकटीच्या गळ्यात आहेत, ते तुला माहीतच आहे. सरकार म्हणालं, दुसऱ्या बाईंच्या पगाराला पैसा नाही. आणि त्याच सरकारने त्याच बाईंना विमानात बसवून परक्या देशात शिकवायला धाडलं. तिथे मदत म्हणून शाळा बांधायला पैसा आहे. हे गणित मला सुटत नाही. मी सध्या दुसरीत आहे, वजाबाकी येते मला, तरी सुटत नाही.

दुसरीत म्हणजे खरंच दुसरीत. तू गेल्यावर हेडबाईंनी युक्ती काढली. एका वर्गाची एक ओळ, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला एक आजी. बाई एका ओळीला शिकवतात तोवर बाकीच्या ओळी आम्ही सांभाळायच्या. नाकं पुसायची, भांडणं तोडायची, पाढे घोकून घ्यायचे. चौथीची ओळ फौजदारीणबाईकडे. अगं, तुझ्या बापाचा पतंग फाडला होता ना, तीच शेजारीण, तिला मुलांनी हे नाव ठेवलंय. तिच्या ओळीत माशी शिंकत नाही. माझी ओळ दुसरीची, तिथे सगळं शिंकतं. पण लहानपणी राहिलेलं शिक्षण आता आपोआप होतंय. अक्षर बघ माझं, रेघेवरून घसरत नाही.

तर त्या दिवशी हेडबाई मीटिंगला गेल्या होत्या. ट्रक आला. नेहमी खडू आणि झाडू आणतो तोच ड्रायव्हर. म्हणाला, "बाक आहेत, उतरवून घ्या, मला पुढे बंदरावर जायचंय." आम्ही कित्येक वर्षं बाक मागतोय, मग कोण विचारणार कुठून आले? पोरं मुंग्यांसारखी लागली. कागदावर सही मी केली, अंगठा नाही! ड्रायव्हर घाई करायला लागला तेव्हा सांगितलं, थांब बाबा, आडनावाला मला वेळ लागतो.

बाकाच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, "आमच्या देशाच्या जनतेकडून मुलांना सप्रेम भेट." फौजदारीण म्हणाली, "आपलीच भेट आपल्यालाच? असं कसं गं?" मी म्हटलं, "जनता आपण, मुलं आपली. झालं तर मग."

फोटो छान आहे. तू वाळलीस. पोरं गोड आहेत, डोळे कसे लुकलुकतात. तुझी वेणी घालतेय ती म्हातारी कोण, ते तू लिहिलंयस, मी वाचलं. शाळेशेजारी राहते, तुला जेवल्याशिवाय सोडत नाही, तू तिला तिच्या भाषेत आजी म्हणतेस. "अगदी तुझ्यासारखी आहे" असंही लिहिलंयस. बरं. माझ्यासारखी कुठून असेल? तिचे दात शाबूत दिसतात. आणि भांग वाकडा पाडलाय. मी काही म्हणत नाही. फोटो कपाटाच्या दाराला लावलाय. चौकटीत बसत नव्हता, म्हणून तिच्या बाजूने जरा दुमडावा लागला.

आणखी दोन वर्षं तिकडे राहू का, आजी म्हणेल तसं करीन, असं तू शेवटी लिहिलंयस. त्याचं पुढच्या पत्रात बघू. आता पाढे घ्यायची वेळ झाली.

तुझी आजी
(इयत्ता दुसरी, ओळप्रमुख)


१ मार्च

चिरंजीव भिंगरी,

आशीर्वाद. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो टपालामुळे नाही.

तुमच्या शाळेचे बाक आलेच नाहीत, मुलं जमिनीवर बसतात, बाक येईपर्यंत शाळा सुरू धरायची नाही असं वरून सांगितलंय, तुम्ही सगळे खोळंबलात. आणि मग तू लिहिलंस, निळे यायचे होते, पाठीवर भेट म्हणून लिहिलेले. त्याखाली काही विचारलं नाहीस. नुसतं "आजी?" एवढंच.

मी ते पत्र गादीखाली सरकवलं. कुणाला बोलले नाही. शाळेत जात होते, त्याच बाकावर बसत होते, बेचा पाढा घेत होते. हेडबाई म्हणाल्या, आजी आज गप्प का? म्हटलं, दात दुखतोय. कोणता, ते त्यांनी विचारलं नाही, नशीब. राहिलेत किती!

मग परवा शिक्षण कचेरीतले साहेब आले. तरुण आहेत, बुटांना धूळ लागू नये म्हणून उड्या मारत आले. हातात माझी सही.

"ही कुणाची?"

"माझी. बरी आलीय ना?"

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. म्हणाले, "आजी, हे बाक परदेशातल्या शाळेचे, तुमच्या इथल्या बाई गेल्यात त्याच. ड्रायव्हर चुकला. सोमवारी ट्रक येईल."

झालं! फौजदारीण कमरेला पदर खोचून उभी राहिली. "घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! आमची पोरं जमिनीवर, आणि तुम्ही परक्यांना बाक वाटत सुटलात?"

"अहो, त्यांच्याकडे शाळाच नाही."

"आमच्याकडे बाई नाहीत!"

साहेब म्हणाले, "परदेशी मदतीचा पैसा वेगळा, शिक्षणाचा वेगळा. दोन्हीची खाती वेगळी."

मी म्हटलं, "साहेब, खिसे दोन असले तरी सदरा एकच ना?"

तेव्हा ते बसले. पहिलीच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून. राग नव्हता त्यांच्या तोंडावर. म्हणाले, "आजी, खरं सांगू? हे बाक तिकडे गेले नाहीत तर गोदामात पडतील, तुम्हाला नाही मिळायचे. मागच्या वर्षी तिकडच्या काही शाळा रद्द झाल्या. इकडच्या लोकांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. त्यातून इकडे एक खुर्ची वाढली का? तिकडचं बंद झालं म्हणून इकडचं सुरू होत नाही."

मग फौजदारीण माझ्याकडे वळली. "तुझ्या नातीची शाळा आहे ती. तू म्हणशील तर देऊ. नाही म्हणालीस तर सोमवारी आम्ही बाकांवर बसून राहू, उचला म्हणावं आम्हाला बाकासकट." तिच्या मागे सगळे पालक उभे होते. साहेबही माझ्याचकडे बघायला लागले. आयुष्यात मला कुणी कधी एवढं विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते नेमकं हे.

मी म्हटलं, उद्या सांगते.

भिंगरी, आता लिहिते ते बापाला कळवू नकोस. तुझं पत्र वाचून पहिलं मनात आलं ते "अरेरे" नव्हतं. बाक नाहीत तर शाळा नाही, शाळा नाही तर माझ्या पोरीचं तिकडे काय काम, असं आलं. मुलांसाठी बाक अडवते असं मी स्वतःलाच सांगत होते. तसंही होतं थोडं. पण त्या म्हातारीच्या दारात तू रोज जेवतेस ते मला बघवत नव्हतं. तुला पाळण्यात झोपवलं मी, गोवरात उशाशी बसले मी, तुझ्या केसांतल्या उवा काढल्या मी. आणि ती कानामागून आली आणि तिखट झाली. तिच्या पोरांना बाकही माझे, आणि बाईही माझ्या? मला हेवा वाटतो तिचा. हा शब्द हेडबाईंना विचारून लिहिला, चुकू नये म्हणून. त्या म्हणाल्या, कुणाबद्दल लिहिताय? म्हटलं, धडा आहे.

साहेब बाकांचं बोलत होते, पण रात्रभर, नाही, संध्याकाळपासूनच, मला त्यात तूच दिसत होतीस. तुझी शाळा बुडाली तर तू येशील. पण इथे पद कुठाय? चार दिवस माझ्याजवळ राहशील आणि पोटासाठी तिसऱ्याच गावाला जाशील, उतरल्या तोंडाने. तोंड का उतरलंय ते मला एकटीला माहीत असेल. मग मी तुझी वेणी कुठल्या हातांनी घालू?

बाक द्यायचे, असं मी सांगितलं. फौजदारीण एवढंच म्हणाली, "तुझं काळीज मोठं." तिला काय माहीत, कुठल्या गल्लीबोळातून फिरून आलं ते.

दोन वर्षांचं उत्तर अजून देत नाही. एका आठवड्यात दोन मोठी कामं माझ्याच्याने होत नाहीत.

आजी


१२ मार्च

चिरंजीव भिंगरी,

आशीर्वाद. हे पत्र शिक्षण कचेरीच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. अक्षर हललं तर फरशीला दोष दे.

बाक गेले. आम्ही ओल्या फडक्याने पुसून चढवले. माझ्या ओळीतल्या एका दिवट्याने एका बाकावर करकटकाने विमान कोरलंय, ते काही निघालं नाही. तिकडच्या पोरांना सांग, बाकासोबतच आलंय.

ट्रक वळला, आणि आमची पोरं रिकाम्या वर्गात उभीच राहिली. खाली बसायला तयार होईनात. एकदा बाकाची सवय लागली की जमीन खोल वाटते. तेव्हा मी हेडबाईंना म्हटलं, तिकडचं अडवून इकडे मिळत नाही हे कळलं. मग जिथे मिळतं तिथेच जाऊन बसू की. हेडबाई म्हणाल्या, माझी नोकरी जाईल. फौजदारीण म्हणाली, तुम्ही कुठे जाताय, तुम्ही तुमच्या शाळेच्या मागे मागे येताय.

तर शाळा आता इथे भरते. चार ओळी, चार आज्या. चपराशी आम्हाला ओलांडून फायली नेतो. मोठ्या साहेबांच्या दाराशी माझी दुसरी तेराचा पाढा म्हणते, जरा वरच्या पट्टीत. काल ते बाहेर आले आणि म्हणाले, "काय हवंय?" पोरांनी एका सुरात सांगितलं, "बाई!" आणि मग कुणी न शिकवता, "आणि बाक!" आत बोलणी चालली आहेत. पद उघडेल असं वाटतंय. ते तुझ्यासाठी राखून ठेवा, असं म्हणायला माझी जीभ वळवळते. पण पोरं तोवर वाढायची थांबणार नाहीत, म्हणून दातांखाली धरलीय. दात कमी आहेत, तरी धरलीय.

आता तुझं उत्तर. तू दोन वर्षं मागितलीस. मी एक देते. एक त्या पोरांचं, एक माझं. दोन्ही त्यांना दिली तर मी कोणी मोठी ठरेन, पण मला मोठं व्हायचं नाहीये, मला तू हवी आहेस. वर्ष संपलं की जे काम मिळेल ते, मिळेल त्या गावी. मात्र आधी सरळ घरी यायचं, वाटेत कुठे उतरायचं नाही.

आणि तिच्याबद्दल. वेणी घालू दे तिला. जेवू घालते तर जेव, वाळली आहेस. तिला माझा नमस्कार सांग, मनापासून सांगितलाय म्हणून सांग, मग तो आपोआप मनापासून होईल. पण आजी म्हणू नकोस तिला. मावशी म्हण. काकू म्हण, आत्या म्हण, मामी म्हण. नात्यांचा काय दुष्काळ पडलाय आपल्याकडे?

मोठ्या साहेबांचं दार उघडतंय. पाढा चालू करते.

तुझी एकुलती एक
आजी