कोपऱ्यातला ठिपका

नारायण पेठ, पुणे
४ ऑगस्ट २०२५

चि. अपूर्वास,

अ. उ. आ. वि. वि. फोनवर तुझं ‘हं’ ऐकण्यापेक्षा पत्र बरं. तिकडे मांजरी गावात घर घेतलंस तेव्हापासून पुणं तुला लांब झालंय.

स्पृहाचा घटस्फोट होऊन सात महिने झाले. मे महिन्यात तुमच्या कंपनीच्या त्या विवाह-ॲपवर अर्ज भरला, अजून एक स्थळ नाही. खालच्या मजल्यावरच्या हिराला, दात पुढे असून, आठवड्यात नऊ! माझी मुलगी रोज सकाळी फोन उघडते, बघते आणि उलटा ठेवते. एकतीस वर्षं या घरात मी वधू-वर सूचक मंडळ चालवलं. माझेच अर्ज तुम्ही त्या यंत्रात घातलेत आणि माझ्याच मुलीला ते ओळखत नाही? काय बिघडलंय ते बघ.

तुझ्यासाठीही मी कमी खटपट केली नाही, पण छत्तिशीपर्यंत नशीबच उघडलं नाही तुझं. असो. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
श्यामलाआत्या

मांजरी
११ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. तपासलं. काही बिघडलेलं नाही.

जे अर्ज कुणाला दाखवायचे नाहीत, त्यांच्या उजव्या कोपऱ्यात तुम्ही लाल ठिपका देत होतात. यंत्र ते अर्ज पाहूनच शिकलं. तुम्ही जिथे ठिपका दिला असता, तो अर्ज ते तळाशी ठेवतं. घटस्फोटित मुलींचे अर्ज १४३ होते, ठिपके १३९. घटस्फोटित मुलगे ११८; ठिपके चार.

एप्रिलपासून काही आठवडे ठिपका वगळून सगळे अर्ज सारखे दाखवून पाहिले. असली स्थळं आमच्यापुढे का आणता, अशा पालकांच्या तक्रारी आल्या. एकांनी लिहिलं, श्यामलाबाईंची नजर बरी होती. मग ठिपका परत घातला गेला.

आईचा नमस्कार.

आपली,
अपूर्वा

नारायण पेठ
१९ ऑगस्ट २०२५

चि. अपूर्वास,

अ. उ. आ. तुझं पत्र माझ्याआधी स्पृहानं फोडलं. एवढंच म्हणाली, की त्या एकशे एकोणचाळीस जणीही रोज वाट बघत असतील. चार दिवस माझ्या ताटाला ताट लावून जेवलेली नाही.

अगं, चहा पिऊन नकार देणारे लोक मी पाहिलेत. मुलींचा अपमान वाचावा म्हणून ठिपका द्यायचे. दुष्टपणा नव्हता त्यात. आता काळ बदलला म्हणतात, मग यंत्राला कुणी सांगत कसं नाही?

तिच्या एकटीच्या अर्जावरून तेवढा काढ. कुणाला कळणार आहे? तुला मी कधी परकी मानली नाही.

श्यामलाआत्या

मांजरी
२५ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. एकटीच्या अर्जावरून काढता येतो. दहा मिनिटांचं काम आहे.

तुमचे अर्ज स्कॅन करताना क्रमांक ३८०७ हाती आला. बाबांनी २०१४ साली दिलेला, माझा. कोपऱ्यात लाल ठिपका, खाली पेन्सिलीनं: ‘आईच्या अंगावर कोड. दाखवू नये.’ बाबा दर रविवारी तुमच्याकडे येत, आणि तुम्ही सांगत होतात, पत्रिका जुळत नाही. पत्रिका जुळावी म्हणून आईनं सोळा सोमवार केले. दोनदा. तो कागद मी तिला दाखवलेला नाही.

एक गोष्ट मागच्या पत्रात राहिली. तक्रारी आल्या तेव्हा आमचे साहेब, दिग्विजय, म्हणाले होते की ठिपका नकोच, लोक कुरकुर करतील आणि सरावतील. निर्णय मात्र त्यांनी माझ्यावर सोडला. मी महिनाभर काही केलं नाही. सतरा मेला स्पृहाचा अर्ज आला. मी तो पूर्ण वाचला, फोटो पाहिला. अठराला ठिपका परत घातला.

बाकीच्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत. मीही विचारलं नव्हतं. ते फक्त स्पृहानं विचारलं.

लोभ आजवर ठेवलात तेवढाच असावा.

आपली,
अपूर्वा